नर पिल्लांचा प्रश्न : नाशिक रोड परिसरातील कोंबडीपालनाच्या इतिहासाची एक दुर्लक्षित बाजू

कोंबडी असो वा बदक, उबवलेल्या अंड्यांतून बाहेर पडणाऱ्या पिल्लांपैकी साधारण निम्मी नर असतात आणि निम्मी माद्या. पण अंड्यांसाठी पाळलेल्या कळपाला आठ-दहा कोंबड्यांमागे एखादा कोंबडा पुरतो आणि उबवण्यासाठी अंडी ठेवायची नसतील तर तोही लागत नाही. म्हणजे पक्षिपालनाच्या व्यवसायात गरजेपेक्षा जास्त नर जन्माला येतात ही गोष्ट अपघाताने घडत नाही, ती या व्यवसायाच्या मुळाशीच आहे, आणि हे नर ओळखायचे कधी व त्यांचे करायचे काय, या दोन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक काळातील पक्षिपालकांना शोधावी लागली आहेत. हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, कारण नर ज्या वयात ओळखता येतो त्या वयापर्यंतच तो बिनतक्रार पोसला जातो. ओळखण्याची कला जसजशी मागे सरकत पहिल्या दिवसापर्यंत आली, तसतसे नराचे आयुष्यही आखूड होत गेले. नाशिक रोड आणि त्याच्या आसपासच्या मुलखातील कोंबडीपालनाचा गेल्या शतकाचा इतिहास या दृष्टीने वाचला, तर अंड्यांच्या आणि कोंबड्यांच्या वाढत्या आकड्यांखाली झाकलेली एक बाजू दिसू लागते.

नाशिक रोड हे गाव म्हणून नव्हे, तर स्टेशन म्हणून वाढले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे थळ घाट चढून १८६५मध्ये सलगपणे नाशिक पठारावर पोचली, तेव्हा गोदाकाठच्या क्षेत्राला बाजूला ठेवून मार्ग पूर्वेकडून गेला आणि स्टेशनाभोवती एक निराळी वस्ती आकाराला आली. लगतच देवळाली येथे १८६१पासून ब्रिटिश सैन्याची छावणी होती; १९२५मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८मध्ये नोटांचा छापखाना सुरू झाला; पुढे एकलहऱ्याचे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले, आणि नाशिक विभागाच्या आयुक्तांचे कार्यालयही नाशिक रोडलाच आले. पंचवटीच्या तीर्थक्षेत्रात अंड्याला प्रतिष्ठा मिळणे कठीण होते, परंतु सैनिक, रेल्वेचे नोकर आणि छापखान्यातील पगारदार कामगार यांच्या वस्तीत अंडी व कोंबड्या खपत होत्या. सिन्नर, इगतपुरी, दिंडोरी या तालुक्यांतील खेड्यांमधून डालग्यात घालून आणलेली गावरान कोंबडी आठवडी बाजारात विकली जाई आणि तिचे पैसे बहुधा घरातल्या बाईच्या हाती राहत. गाईम्हशींचा व्यवहार पुरुषांकडे असला तरी खुराड्याचा कारभार बायकांकडे होता, ही गोष्ट या इतिहासात वारंवार विसरली जाते. पिल्लू नर आहे की मादी हे सर्वांत आधी ओळखणारी नजरही त्यांचीच होती.

ही ओळख कशी पटत असे, हे थोडे तपशिलात पाहण्यासारखे आहे. अंड्यांवर बसू पाहणाऱ्या कोंबडीला खुडूक म्हणतात. अशा खुडूक कोंबडीखाली पेंढा घातलेल्या पाटीत दहा-बारा अंडी ठेवली की २१ दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. पहिले काही आठवडे सगळी पिल्ले सारखीच दिसतात. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास नराचा तुरा मोठा आणि लालसर होऊ लागतो, त्याचे पाय जाड दिसतात, तो छाती काढून उभा राहतो आणि दुसऱ्या नराशी मानेची पिसे फुलवून झटापट करतो. त्यानंतर मानेवर व कमरेवर टोकदार, चमकदार पिसे येतात, शेपटीची पिसे वाकतात, आणि तीन-चार महिन्यांचा झाला की तो अडखळत का होईना, आरवतो. मादीची तलंग होते, म्हणजे अंड्यावर येण्याच्या बेतात असलेली तरुण कोंबडी. याहून लवकर ओळखण्याची इच्छा माणसाला नेहमीच होती. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते, ही समजूत गावोगावी ऐकू येते आणि ती फार जुनी आहे; मात्र प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने लांबट व टोकदार अंड्यातून मादी निघते असे लिहिले, तर रोमन कृषिलेखक कोलुमेला याने नर हवे असल्यास तशीच अंडी निवडावीत असे सांगितले. दोन थोर लेखकांची मते अशी परस्परविरुद्ध असावीत, यावरूनच अंड्याच्या आकाराचा आणि आतल्या पिल्लाच्या लिंगाचा संबंध नाही हे उघड होते.

उशिरा ओळखू येणारा हा नर खेड्यात कोणाला जड होत नव्हता, कारण तोवर त्याने स्वतःच अंगण, उकिरडा आणि खळे उकरून आपले पोट भरलेले असे. विकतच्या खाद्यावर त्याच्यासाठी पैसा खर्च झालेला नसे, आणि ज्या वयात तो नर म्हणून उठून दिसे त्याच वयात तो कापण्याजोगा झालेला असे. घरी पाहुणा आला की पहिली पाळी पट्ठ्या कोंबड्याची येई, कारण अंडी देणारी कोंबडी कापणे हे नुकसान समजले जाई. नवस फेडण्यासाठी, शेताच्या बांधावरच्या म्हसोबाला किंवा गावाच्या वेशीवरच्या मरीआईला द्यायलाही कोंबडाच लागे. सुरगाणा, पेठ, इगतपुरी या डोंगराळ तालुक्यांतील कोकणा, वारली आणि महादेव कोळी समाजांच्या शेतीशी निगडित विधींमध्येही कोंबड्याला स्थान होते. जादा नर वर्षभरात जत्रा, सण, पाहुणचार आणि बाजार अशा अनेक वाटांनी हळूहळू कमी होत जाई, आणि त्यांतला सर्वांत देखणा, सर्वांत तडफदार नर कळपासाठी राखला जाई. म्हणजे निवड होतच होती, पण ती पूर्ण वाढलेल्या पक्ष्याला पाहून होत होती. या व्यवस्थेला दयाळू म्हणणे बरोबर होणार नाही, कारण घार, मुंगूस, रोगराई आणि उपासमार यांत दर उबवणीतली कित्येक पिल्ले मरत. तरीही तिच्यात नर म्हणून जन्मणे हा पहिल्या दिवसापासूनचा दोष ठरत नव्हता.

बदकांची गोष्ट यापेक्षा काहीशी वेगळी आहे. महाराष्ट्रात बदकपालन बंगाल, आसाम किंवा केरळ यांच्या तुलनेने नगण्य राहिले. तळी, भातखाचरे आणि पाणथळ यांच्या आधाराने ते वाढते, आणि पठारी नाशिकमध्ये तशी जागा कमी. जंगली बदकांना मात्र हा जिल्हा परिचित आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या बंधाऱ्यामुळे तयार झालेले नांदूर मध्यमेश्वर हे जलाशय-क्षेत्र पुढे पक्षी अभयारण्य झाले आणि महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. तिथे हिवाळ्यात येणाऱ्या तलवार बदकाचा किंवा थापट्याचा नर रंगांवरून दुरूनही ओळखता येतो, तर वर्षभर राहणाऱ्या हळदी-कुंकू बदकात नर आणि मादी जवळजवळ सारखेच दिसतात. पाळीव बदकांच्या पिल्लांत रंगांचा उपयोग क्वचितच होतो, पण दुसऱ्या खुणा कोंबडीपेक्षा स्पष्ट असतात. बहुतेक पक्ष्यांना बाह्य जननेंद्रिय नसते. बदकाच्या नराला ते असते, त्यामुळे एक दिवसाच्या पिल्लाचे गुदद्वार, ज्याला शास्त्रीय भाषेत अवस्कर म्हणतात, हलक्या हाताने दाबून उलगडले की नराचा बारीक अवयव वर येतो आणि थोड्या सरावाने तो कोणालाही दिसू शकतो. नराच्या श्वासनलिकेच्या तळाशी डाव्या बाजूला एक हाडाळ फुगीर पोकळी असते. चीनमधील बदके उबवणारे कारागीर पिल्लाच्या गळ्याच्या तळाशी बोट लावून ती चाचपतात आणि न पाहता नर वेगळा काढतात. ही पोकळी असल्यामुळेच मोठा झालेला नर मोठ्याने ओरडू शकत नाही: पाच ते सात आठवड्यांत मादीचा खणखणीत आवाज फुटतो, नर मात्र घोगरा, दबका आवाज काढतो. शेवटी शेपटीवर दोन-चार वळलेली पिसे येतात, ती तर नराची ठळक खूण होय. अमेरिकी मूळ असलेल्या मस्कोव्ही जातीला यांतील आवाजाची खूण नीट लागू पडत नाही, कारण तिच्यात मादीही फारसा आवाज करत नाही.

बदकांच्या कळपात जादा नर नुसते खाऊन राहत नाहीत, ते हानी करतात. खाकी कॅम्पबेल या अंडी देणाऱ्या जातीत पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरेसा मानला जातो. याहून नर वाढले तर ते एकाच मादीवर तुटून पडतात, तिच्या मानेची पिसे उपटतात, पाठ सोलतात आणि पाण्यात असताना तिला बुडवूनही मारतात. म्हणून बदकपालकाला नर वेगळे काढणे कोंबडीपालकापेक्षा अधिक तातडीचे असते, आणि ते तो सहसा खाण्याजोगे झाले की विकून करतो. बदकाचे मांस मिळवण्यासाठीही नर चालत असल्यामुळे या व्यवसायात नर पिल्लाला काही किंमत उरली. अंड्यांच्या कोंबडीपालनात ती उरली नाही, आणि तिथेच या इतिहासाला वळण मिळाले.

हे वळण यंत्राने उबवलेल्या पिल्लांच्या व्यापारामुळे आले. अंड्यातून बाहेर येण्यापूर्वी पिल्लू अंड्यातला उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते आणि त्याच्या आधारावर दोन-तीन दिवस दाणापाण्याशिवाय तग धरते. या नैसर्गिक सोयीचा फायदा घेऊन न्यू जर्सीतील जोसेफ विल्सन या उबवणी व्यावसायिकाने १८९२मध्ये एक दिवसाची पिल्ले खोक्यात घालून आगगाडीने पाठवली. उबवणारा एक आणि पाळणारा दुसरा, अशी विभागणी यामुळे शक्य झाली. पाळणाऱ्याला आता पिल्ले विकत घ्यावी लागत, खाद्य विकत घ्यावे लागे, आणि ज्या पिल्लांपैकी निम्मी अंडी देणार नाहीत त्यांच्यावर दोन महिने खर्च करणे त्याला परवडत नसे. त्यातून व्हाइट लेगहॉर्नसारख्या हलक्या, भरपूर अंडी देणाऱ्या जाती लोकप्रिय झाल्यावर तिढा आणखी घट्ट झाला, कारण ज्या बांध्यामुळे मादी थोड्या खाद्यात जास्त अंडी देते त्याच बांध्यामुळे तिच्या भावाच्या अंगावर मांस धरत नाही. अंड्यांसाठी केलेली निवड नराच्या विरोधात गेली. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये धान्याची टंचाई असताना केंब्रिजचे आनुवंशशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांनी पिल्लांच्या रंगांवरून नर लवकर ओळखून खाद्य वाचवावे असे सुचवले, यातही हेच अर्थकारण होते.

खरी क्रांती जपानमध्ये झाली. टोकियो इम्पीरियल विद्यापीठातील कियोशी मासुई आणि त्यांचे सहकारी जुरो हाशिमोतो व इसामु ओनो यांनी १९२५च्या सुमारास दाखवून दिले की कोंबडीच्या नर पिल्लाच्या अवस्करातील एका घडीवर मण्यासारखा बारीक उंचवटा असतो आणि मादीत तो नसतो किंवा पुसट असतो. १९२७मध्ये ओटावा येथे भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेनंतर या पद्धतीची चर्चा जगभर झाली, १९३३मध्ये मासुई आणि हाशिमोतो यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, आणि जपानी तज्ज्ञ उत्तर अमेरिकेत जाऊन हे काम करू व शिकवू लागले. पद्धत सांगायला सोपी आहे: पिल्लू डाव्या मुठीत धरायचे, पोटावर हलका दाब देऊन विष्ठा काढून टाकायची, अंगठा व बोटांनी अवस्कर उलगडायचा, प्रखर दिव्याखाली तो मणी आहे का ते पाहायचे आणि पिल्लू दोनपैकी एका खोक्यात टाकायचे. करायला ती अतिशय अवघड आहे, कारण मणी टाचणीच्या डोक्याएवढाही नसतो, काही माद्यांतही तसाच उंचवटा असतो, पहिला दिवस उलटला की तो ओळखू येईनासा होतो, आणि दाब थोडा जरी जास्त झाला तरी पिल्लू मरते. तरीही निष्णात कारागीर तासाला हजाराच्या आसपास पिल्ले तपासतो आणि शंभरात दोन-चारच चुकतो. आपण नेमके काय पाहतो हे अशा माणसाला शब्दांत सांगता येत नाही, असे दीर्घकाळ मानले जाई. १९८७मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात मात्र अशा तज्ज्ञाच्या मदतीने काही मोजक्या आकारांची चित्रे तयार केली गेली आणि ती थोडा वेळ अभ्यासलेल्या अननुभवी माणसांचे छायाचित्रांवरील निर्णय लक्षणीयरीत्या सुधारले. म्हणजे हे ज्ञान गूढ नव्हते, ते बोटांत आणि नजरेत मुरलेले होते, आणि या कारागिरांच्या कौशल्याला आदर देताना हेही नोंदवायला हवे की जगातील एवढे बारीक कौशल्य क्वचितच एवढ्या निष्ठुर कामी लागले असेल.

दुसरा मार्ग आनुवंशशास्त्राने काढला. माणसात अपत्याचे लिंग पित्याकडून ठरते, पक्ष्यांत ते मातेकडून ठरते: नराकडे झेड नावाची दोन गुणसूत्रे असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू, आणि मादी आपले झेड फक्त मुलग्यांना देते. यामुळे झेडवर असलेला एखादा ठळक गुण आईत असेल आणि बापात त्याच्या उलट गुण असेल, तर तो गुण आईकडून फक्त नर पिल्लांत उतरतो. सोनेरी रंगाचा कोंबडा आणि रुपेरी रंगाची कोंबडी यांच्या संकरातून नर पिल्ले फिकट पांढरट व मादी पिल्ले तांबूस निघतात. ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि पट्टेदार प्लिमथ रॉक कोंबडी यांच्या संकरात नर पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो. रशियन शास्त्रज्ञ अलेक्सांद्र सेरेब्रोव्स्की यांनी १९२२मध्ये पिसे सावकाश फुटण्याचा गुणही झेडवर असल्याचे दाखवले, आणि त्यावरून पुढे पंखाच्या पिसांवरून पिल्ले ओळखण्याची पद्धत निघाली, जिच्यात मादीची मुख्य पिसे वरच्या झाकणपिसांपेक्षा लांब तर नराची दोन्ही जवळपास सारखी असतात. पनेट यांनी मायकेल पीझ यांच्यासह १९२९मध्ये कँबार ही जात तयार केली, जिच्यातील नर व मादी पिल्ले रंगावरूनच पिढ्यान्‌पिढ्या वेगळी ओळखू येत. जपानी कारागिराच्या बोटांचे काम अशा रीतीने पैदाशीच्या आखणीत गेले, आणि थोड्या शिकवणीने कोणालाही ते करता येऊ लागले.

महाराष्ट्रात हे सारे स्वातंत्र्यानंतर आले. खडकीच्या सरकारी कुक्कुट प्रक्षेत्रावर परदेशी जाती वाढवण्याचे प्रयोग पूर्वीच सुरू झाले होते, मुंबईला आरे येथे केंद्र सरकारचे पैदास केंद्र उभे राहिले, आणि पुणे, कोल्हापूर, औरंगाबाद व नागपूर येथे राज्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे झाली. पण खेडोपाडी पोचणाऱ्या पिल्लांचे स्वरूप पालटले ते खासगी उबवणी उद्योगाने. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१मध्ये सुरू केलेल्या आणि पुण्याहून वाढलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजने संकरित लेयर, म्हणजे केवळ अंड्यांसाठीच्या कोंबड्यांची, आणि पुढे ब्रॉयलर, म्हणजे केवळ मांसासाठीच्या पक्ष्यांची पिल्ले देशभर पुरवली. १९८२मध्ये त्यांच्याच पुढाकाराने स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीने अंड्यांचे भाव जाहीर करण्याची प्रथा पाडली. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देत असे, संकरित लेयर तीनशेच्या पुढे गेली. लेयरची पिल्ले शेतकऱ्याला मिळतात ती निवडलेली, म्हणजे माद्याच, आणि भावही माद्यांचाच असतो. शेतकऱ्याच्या हिशेबातून नर असा पूर्णपणे नाहीसा झाला. तो उबवणी केंद्राच्या दारापलीकडे राहिला, त्यामुळे अंडी विकणाऱ्याला किंवा खाणाऱ्याला त्याच्याविषयी काही विचार करावा लागला नाही.

नराच्या या अनुपस्थितीला महाराष्ट्रात एक नैतिक अर्थही चिकटला. महात्मा गांधींनी १९४२मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना लिहिलेल्या ‘आरोग्याची किल्ली’ या पुस्तिकेत अंड्याचा विचार केला आहे. कोंबड्याचा संबंध न येऊ देता कोंबडीकडून मिळवलेल्या अफलित अंड्यातून पिल्लू कधीच होत नाही, तेव्हा ज्याला दूध चालते त्याला असे अंडे घ्यायला हरकत नसावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. गांधींनी हे लिहिले तेव्हा पिल्ले पहिल्या दिवशी निवडणारी उबवणी केंद्रे भारतात रुजलेली नव्हती, आणि अंड्यापुरता विचार केला तर त्यांचा युक्तिवाद निर्दोष आहे. परंतु पुढच्या काळात हाच युक्तिवाद ‘शाकाहारी अंडे’ म्हणून बाजारात उतरला तेव्हा त्याची अर्धी बाजू सुटून गेली: कोंबड्याचा संबंध येऊ द्यायचा नाही म्हणजे कोंबडा कळपात ठेवायचा नाही, आणि ठेवायचा नाही म्हणजे जन्मताच वेगळा काढायचा. अंड्यात जीव नाही हे खरे, पण ते अंडे देणारी कोंबडी ज्या दिवशी जन्मली त्याच दिवशी तिच्याइतकेच नर जन्मले होते.

नाशिक विभागात अशा माद्यांच्या कळपांचे सर्वांत मोठे केंद्र नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर झाले. गुजरातच्या सीमेवरच्या या गावात लेयर कोंबड्यांची मोठमोठी केंद्रे उभी राहिली. भारतातील बर्ड फ्लूची पहिली लागण फेब्रुवारी २००६मध्ये इथेच उघडकीस आली आणि लाखो पक्षी नष्ट करण्यात आले. त्यानंतर लगेच जळगाव जिल्ह्यातील घरगुती कोंबड्यांतही लागण आढळली. या दोन ठिकाणांच्या कळपांत मोठा फरक होता. नवापूरच्या पिंजऱ्यांत जवळजवळ सगळ्या माद्या होत्या, एका वयाच्या आणि एका वंशाच्या. जळगावच्या खेड्यांत अंगणातील मिश्र कळप होते, ज्यांत कोंबडा, तलंग, खुडूक कोंबडी आणि पिल्ले एकत्र होती. संहारात दोन्ही सारखेच सापडले, परंतु नुकसानीनंतर घरगुती कळप उरलेल्या एखाद्या कोंबड्याकोंबडीपासून पुन्हा उभा राहू शकतो, नरच नसलेला कळप मात्र प्रत्येक वेळी उबवणी केंद्राकडूनच विकत घ्यावा लागतो. नराला बाहेर काढण्याबरोबर शेतकऱ्याच्या हातून पुनरुत्पादनही गेले, हा या व्यवस्थेचा फारसा न बोलला गेलेला परिणाम आहे.

बाजूला काढलेल्या नरांचे काय होते, याची एकच वाट नाही. अनेक देशांतील मोठ्या उबवणी केंद्रांत ही पिल्ले यंत्रात भरडली किंवा गुदमरवून मारली जातात आणि खाद्यासाठी वापरली जातात. भारतात त्यांतील काही पिल्ले फिरत्या विक्रेत्यांकडे कवडीमोलाने जातात, आणि हिरव्या, गुलाबी, पिवळ्या रंगांत बुडवलेली ही पिल्ले टोपलीतून बाजारात, शाळेच्या आसपास आणि वस्त्यांमध्ये मुलांचे खेळणे म्हणून विकली जातात. पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे ३५ अंश तापमानाची ऊब लागते; ती नसल्यामुळे यांतली बहुतेक काही दिवसांत मरतात. जी तगतात किंवा जी मुद्दाम वाढवली जातात ती व्यापारात कॉकरेल म्हणून ओळखली जातात, दोन-अडीच महिन्यांत किलोभर वजनाची होतात, आणि त्यांचे घट्ट मांस गावरानाच्या जवळ जाणारे असल्यामुळे त्यांना स्वतंत्र गिऱ्हाईक मिळते. आंध्र आणि तमिळनाडूत हा व्यवसाय चांगला रुजला. तीन वाटांपैकी ही एकच अशी आहे, जिच्यात नराला त्याच्या वयाचा काही काळ मिळतो.

नाशिक परिसराने प्रामुख्याने ब्रॉयलरची वाट धरली. करारपद्धतीने, म्हणजे कंपनीने पिल्ले व खाद्य द्यायचे आणि शेतकऱ्याने शेड, मजुरी व देखभाल द्यायची अशा बोलीवर, सिन्नर, दिंडोरी, इगतपुरी भागांत हजारो शेड उभे राहिले, आणि त्यांत नर-मादी भेद करण्याचे कारण नाही, कारण दोघेही चाळीसएक दिवसांत विकायला तयार होतात. नर तर थोडा जास्तच वजन देतो. त्यामुळे जादा नराचा प्रश्न ब्रॉयलरने सोडवला, असे वरवर वाटते. वस्तुस्थिती अशी की तो एक-दोन पिढ्या मागे सरकला. ब्रॉयलरच्या जन्मदात्या कळपात नर एका वंशाचे आणि माद्या दुसऱ्या वंशाच्या लागतात. तेव्हा नरवंशात जन्मलेल्या माद्या आणि मादीवंशात जन्मलेले नर दोन्ही जादा ठरतात. इथे पिल्लाला बाद करण्याचे कारण त्याचे नर असणे नसून, आराखड्यात त्याची जागा नसणे हे असते.

गोपालनाशी तुलना केली तर पक्ष्यांची अडचण अधिक स्पष्ट होते. ट्रॅक्टर आल्यावर आणि संकरित गाई वाढल्यावर नाशिक-नगर पट्ट्यात गोऱ्ह्यांना गिऱ्हाईक राहिले नाही, बैल-वळूंच्या कत्तलीवरील बंदी २०१५मध्ये राज्यात लागू झाली, आणि त्यानंतर फक्त कालवडी व्हाव्यात म्हणून लिंगनिश्चित रेतमात्रांचा प्रसार झाला. हे शक्य होते, कारण सस्तन प्राण्यांत वासराचे लिंग वळूच्या शुक्रजंतूवर ठरते आणि एक्स गुणसूत्राचे शुक्रजंतू सुमारे चार टक्के जादा डीएनए असल्यामुळे यंत्राने वेगळे काढता येतात. कोंबडीत लिंग ठरते ते मादीच्या अंड्यात. कोंबड्याचे सारे शुक्रजंतू या बाबतीत सारखेच. म्हणून गाईला जो उपाय लागू पडला तो कोंबडीला लागू पडणारच नव्हता, आणि संशोधकांना अंड्याच्या आतच डोकवावे लागले. जर्मनीत वर्षाला सुमारे साडेचार कोटी नर पिल्ले मारली जात. १ जानेवारी २०२२पासून तिथे त्यावर बंदी आली आणि उबवणीच्या काळातच अंड्यातील द्रवाची संप्रेरके तपासून किंवा प्रकाशकिरणांनी कोवळ्या पिसांचा रंग पाहून नर अंडी बाजूला काढणारी यंत्रे आली. ओळखण्याचा क्षण यामुळे जन्माच्याही अलीकडे आला. वेदना टळण्याच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण ही यंत्रे महाग आहेत, आणि नर नको हा मूळ निर्णय त्यांनी बदललेला नाही.

तो निर्णय बदलणारा मार्ग दुहेरी उपयोगाच्या जातींचा आहे, म्हणजे ज्यांच्या माद्या बऱ्यापैकी अंडी देतात आणि ज्यांचे नर बऱ्यापैकी मांस देतात अशा जातींचा. बंगळूरची गिरिराज, हैदराबादच्या संशोधन संस्थेची वनराजा या जाती महाराष्ट्रातील खेड्यांत पोचल्या त्या याच कारणाने. त्यांची मादी लेयरइतकी अंडी देत नाही आणि नर ब्रॉयलरइतका झपाट्याने वाढत नाही; मात्र अंगणात सोडला तर तो आपले बरेचसे खाद्य आपण मिळवतो, आणि त्याच्या रंगीत पिसांमुळे बाजारात त्याला गावरानाजवळचा भाव येतो. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाने एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत ५० टक्के अनुदानावर दोन प्रकारचे गट दिले: एक दिवस वयाच्या १०० सुधारित पिल्लांचा, आणि आठ ते दहा आठवडे वयाच्या तलंगांचा, ज्यात २५ माद्या आणि ३ नर असतात. दुसऱ्या गटाची रचना लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. नर-मादीचे प्रमाण त्यात खेड्यातल्या कळपाचेच राहिले आहे, आणि पक्षी लाभार्थ्याच्या हाती पडतो तो नेमका अशा वयात, जेव्हा त्याचा तुरा रंगलेला असतो आणि खुराड्याशी वावरणाऱ्या बाईला तो कोंबडा आहे की तलंग, हे दिव्याखाली न धरताही सांगता येते.